फाइलीतलं मत, फाटकावरचं मत

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असं कळलं की महाविद्यालयात भिंतींना रंग लागतो आणि फायलींना लेबलं. त्यातल्या एका फाइलीत नोकरी देणाऱ्यांचे अभिप्राय असतात. नॅकच्या पहिल्याच निकषात तशी अपेक्षा आहे: विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे या चौघांकडून अभ्यासक्रमाबद्दल मत घ्यायचं, ते तपासायचं आणि त्यावर पुढे काय केलं ते नोंदवायचं. कल्पना चांगली आहे. ती अमलात कशी येते हे नागपुरातल्या कारखानदारांना, सीएंना आणि दुकानदारांना विचारा. ओळखीचे सर फोन करतात, एक मुलगा फॉर्म घेऊन येतो आणि साहेब हातातलं काम न सोडता वरपासून खालपर्यंत टिक मारत जातात. विषयज्ञान, उत्तम. संवादकौशल्य, उत्तम. सांघिक वृत्ती, उत्तम. सही, शिक्का, चहा, नमस्कार.

तेच साहेब संध्याकाळी हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत फाटकाबाहेर उभे राहून बोलतात तेव्हा सूर वेगळा असतो. पोट्टं इंजिनिअर आहे, पण व्हर्निअर हातात दिलं तर माप घेता येत नाही. बी.कॉम. आहे, पण जीएसटीचं रिटर्न उघडून दाखवलं तर नुसतं बघत राहतं. एम.एस्सी. केमिस्ट्री आहे, पण द्रावण का गढूळ झालं असं विचारलं की म्हणतं, सर, आमच्या लॅबमध्ये असं झालं नव्हतं.

पहिलं मत फाइलीत जातं आणि समितीसमोर ठेवलं जातं. दुसरं हवेत विरतं. नागपूर विद्यापीठाने 4 ऑगस्ट 2023 रोजी शंभर वर्षं पूर्ण केली. या शंभर वर्षांत दुसरं मत नीट ऐकून घेण्याची व्यवस्था काही उभी राहिली नाही. कायद्यात तरतूद नाही असं नव्हे. अभ्यासमंडळांवर आणि अधिसभेवर उद्योगातली माणसं घेण्याची सोय आहे. ती माणसं बैठकीला येतात का, आली तर बोलतात का आणि बोललेलं अभ्यासक्रमात उतरायला किती वर्षं जातात, हा खरा प्रश्न आहे.

या विषयावर आकडे भरपूर फिरतात. 2005 मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालाने सांगितलं की बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामाला भारतातले चारपैकी एकच अभियंता पदवीधर लायक आहे. तेव्हापासून ‘एम्प्लॉयेबिलिटी’ हा शब्द प्राचार्यांच्या भाषणात कायमचा येऊन बसला. 2019 मध्ये ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीने 80 टक्के अभियंते ज्ञानाधारित उद्योगांत नोकरीलायक नाहीत असं जाहीर केलं. व्हीबॉक्सच्या ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’मधला 51.25 टक्क्यांचा आकडा तर केंद्र सरकारच्या 2023-24 च्या आर्थिक पाहणीतच आला. दहा वर्षांपूर्वी तो 34 च्या आसपास होता, म्हणजे प्रगतीच म्हणायची. पण शेवटचे दोन आकडे काढणाऱ्या कंपन्या स्वतः परीक्षा घेण्याचा धंदा करतात. संगणकावर सोडवायच्या चाचणीत कुणाला किती गुण पडले, एवढंच त्या सांगतात. थर्मामीटर विकणाऱ्याने गावात ताप वाढल्याची बातमी द्यावी, तसं हे आहे. ताप असेलही, पण बातमी कुणाची, हे लक्षात ठेवावं.

थेट मालकांना विचारून केलेला एक अभ्यास मात्र आजही वाचण्यासारखा आहे. जागतिक बँकेसाठी आंद्रेयास ब्लॉम आणि हिरोशी साएकी यांनी तो केला आणि 2011 मध्ये तो प्रसिद्ध झाला. नव्या अभियंत्यांच्या कौशल्यांबद्दल 64 टक्के मालक जेमतेम समाधानी किंवा त्याहून नाराज निघाले. हे अपेक्षितच होतं. खरी गंमत पुढे आहे. तुम्हाला काय हवं, असं विचारल्यावर मालकांनी सगळ्यांत वर ठेवलं ते सचोटी, भरवशाचं वागणं आणि इतरांबरोबर काम करण्याची तयारी यांना. आणि मोठी तूट कुठे दिसली? माहितीत किंवा पाठांतरात नव्हे. समोर आलेला प्रश्न उलगडणं, त्याची फोड करणं आणि उत्तर स्वतः शोधणं, इथे मुलं कमी पडत होती.

हे निष्कर्ष देशभरातल्या मालकांच्या उत्तरांवरून काढलेले आहेत, पण हिंगण्याच्या कुठल्याही शेडमध्ये ते ताडून पाहता येतात. तिथला मालक अभ्यासक्रम जुना झालाय अशी तक्रार सुरुवातीला करतो, कारण तसं म्हणायची पद्धत आहे. थोडं खोदलं की दुसरंच बाहेर येतं. यंत्र बदललं तर ते शिकवायला आमचा फोरमन आहे, सहा महिन्यांत शिकवतो. पण माप चुकलं तर चुकलं असं सांगणारा मुलगा हवा. रजिस्टरमध्ये आकडा मनाने भरणारा नको. समजलं नाही तर विचारणारा हवा. ‘हो सर, हो सर’ म्हणून जाणारा आणि दुपारी तेच बिघडवून येणारा नको. आणि एक पान सरळ लिहिता आलं पाहिजे: काल रात्रीच्या पाळीत काय झालं, मशीन कधी बंद पडलं, आपण काय केलं. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कशातही. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कम्युनिकेशन स्किल’च्या नावाखाली आपण मुलांना टाय बांधून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतो. नागपूरच्या कारखान्यात कामगाराशी हिंदी चालते, सुपरवायझरशी मराठी आणि ई-मेलला इंग्रजी. तिन्हींत नेमकं बोलता-लिहिता येणं हे खरं कौशल्य आहे. त्याचा तास कुठल्याच वेळापत्रकात नाही.

मोठ्या कारखान्यांबद्दल आणि आयटीबद्दल बरंच लिहिलं जातं. इतवारी आणि गांधीबागेतल्या बाजारपेठांबद्दल कुणी लिहीत नाही. शहरातले किती बी.कॉम. तिथल्या गाद्यांवर, गोदामांत आणि सीएंच्या दोन खोल्यांच्या कार्यालयांत कामाला आहेत, हे कोणतंही सर्वेक्षण मोजत नाही. ‘एम्प्लॉयर’ म्हटलं की धान्याचा किंवा कापडाचा ठोक व्यापारी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्याची परीक्षा मात्र फार कडक असते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि या व्यापाऱ्यांच्या गरजा एका रात्रीत बदलल्या. पूर्वी मुनीम पुरायचा. आता खरेदीची बिलं पोर्टलवरच्या नोंदींशी दर महिन्याला जुळवावी लागतात; समोरच्या पार्टीने बिल चढवलं नसेल तर इनपुट क्रेडिट अडकतं, म्हणजे मालकाचा रोख पैसा अडकतो. मग त्या पार्टीला फोन करायचा, भांडण न करता बिल चढवून घ्यायचं आणि संबंधही टिकवायचे. यात हिशेब आहे, कायदा आहे, संगणक आहे आणि माणसाशी बोलणंही आहे. वाणिज्य शाखेची तीन वर्षं संपवून आलेल्या मुलाला ‘वस्तू व सेवा कर म्हणजे काय, त्याचे फायदे-तोटे लिहा’ याचं उत्तर येतं. न जुळणारं बिल शोधायला सांगितलं की हात थांबतो. व्यापारी विद्यापीठाला दोष देत बसत नाही. तो भाचा आणतो, शेजारचा मुलगा आणतो, दोन महिने जवळ बसवतो. पदवीचा कागद तो बघतच नाही. विद्यापीठावर याहून कडक शेरा कुणी मारलेला मला माहीत नाही.

दोष नेमका कुठे आहे? शिक्षकांवर खापर फोडणं सोपं आहे, पण मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडून विभाग चालवून घ्यायचे आणि मग गुणवत्तेचं विचारायचं, हा अप्रामाणिकपणा आहे. मला मूळ आजार संलग्नतेच्या रचनेत दिसतो. एक विद्यापीठ, आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे. पूर्वी तर पसारा याहून मोठा होता. 1983 मध्ये अमरावतीचं विद्यापीठ वेगळं झालं, 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ निघालं. तरीही शेकडो महाविद्यालयांतल्या मुलांची एकच परीक्षा घेणं, हेच विद्यापीठाचं मुख्य काम राहिलं. जो शिकवतो तो पेपर काढत नाही, आणि पेपर काढणाऱ्याला वर्गातली मुलं माहीत नसतात. मग दोघांच्या मध्ये बाजारातलं गाइड येऊन बसतं, आणि मुलं हुशार असल्यामुळे गाइड वाचतात. निकाल लांबले की सगळी यंत्रणा निकालातच गुंतते. प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण तर बहुतेकांना भरभरून मिळतात, त्यामुळे प्रयोगवहीतले आकडे खरे होते की मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवले होते, याने काहीच बिघडत नाही. तीन-चार वर्षं ही सवय लागलेला मुलगा कारखान्याच्या रजिस्टरमध्ये मनाचा आकडा भरतो, तेव्हा मालकाला धक्का बसतो. मला बसत नाही.

करोनाच्या दोन वर्षांनी यात भर घातली. घरबसल्या बहुपर्यायी परीक्षा झाल्या, निकाल फुगले आणि त्या मुलांच्या कपाळावर ‘कोविड बॅच’ असा शिक्का बसला. ऑगस्ट 2021 मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या मदुराईतल्या जाहिरातीत 2021 ला उत्तीर्ण झालेले उमेदवार पात्र नाहीत असं छापून आलं. छपाईची चूक होती, असा खुलासा बँकेने केला. पण ती जाहिरात वणव्यासारखी पसरली, कारण लोकांना ती चूक वाटली नाही.

आता मालकांकडे वळू. त्यांच्या तक्रारीत एक मोठी फट आहे आणि तिच्याबद्दल ते बोलत नाहीत. नागपूरचा मालक ज्या पदवीधरांवरून विद्यापीठाची परीक्षा करतो, ते बहुतेक इथे उरलेले असतात. व्हीएनआयटीतला, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतला किंवा चांगल्या स्वायत्त महाविद्यालयातला मुलगा शेवटच्या वर्षाला असतानाच पुण्याच्या, हैदराबादच्या नाहीतर बंगळुरूच्या कंपनीकडे जातो. रात्री पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स कुणी भरल्यात ते बघावं. समृद्धी महामार्ग इथे माणसं आणेल असं म्हणत होते. निदान न्यायला तरी तो उपयोगी पडतो आहे. मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा आल्या, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे, त्यामुळे काही मुलं थांबली आणि काही परतली. तरी चाळीस माणसांच्या शेडच्या मालकाला यातला कुणी मिळत नाही. त्याच्याकडे येतो तो कॅम्पसमध्ये न निवडला गेलेला, घरची अडचण असलेला किंवा आणखी वर्षभर एमपीएससी द्यायची म्हणून तात्पुरतं काम शोधणारा. 2023 मध्ये राज्यात तलाठ्यांच्या 4,644 जागा निघाल्या आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यातले कितीतरी अर्जदार कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये अर्ध्या मनाने पाळी करत होते. मालक म्हणतो, पोरं टिकत नाहीत. ती टिकायला आलेलीच नसतात.

पैशाचा विषय तर मालकांना मुळीच आवडत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या अभियंत्याचं वर्षाचं पॅकेज दशकभराहून जास्त काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतं आहे. 2024 मध्ये कॉग्निझंटने बिगर-अभियंता पदवीधरांसाठी 2.52 लाखांचा आकडा जाहीर केला आणि समाजमाध्यमांवर बराच गदारोळ झाला. छोट्या कारखान्यात तर पदवीधर अभियंत्याला ठेकेदारामार्फत, कंपनीच्या रोलवर न घेता कामाला लावायची रीत आहे. पुण्याला जाऊन मिळेल त्याच्या निम्म्या पगारात इथे स्वयंस्फूर्त, प्रामाणिक, इंग्रजी बोलणारा आणि तीन वर्षं न हलणारा मुलगा हवा, ही मागणी कुठल्याही विद्यापीठाला पुरवता येणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेकारी 29.1 टक्के होती. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. गरिबाला बेकार राहणं परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण. पण शिकलेल्याला शोभेल असं काम पुरेसं नाही, हेही तितकंच खरं.

यातून काही मालकांनी वेगळीच वाट काढली आहे: विद्यापीठाला वळसा घालायची. राफेलवाल्या दासोंचा मिहानमध्ये रिलायन्सबरोबर कारखाना आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि फाल्कन विमानांचे भाग तिथे बनतात. या कंपनीने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याची जोडणी करणाऱ्या फिटरचा स्वतंत्र ट्रेड उभा करायला हात दिला. एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम बारावी झालेल्या मुलांना थेट प्रशिक्षणाला घेतो. पदवी काम करता करता होते. दोन्ही ठिकाणी मालकाने ठरवलं की माणूस आपण घडवायचा आणि त्यासाठी पदवीपर्यंत थांबायचं नाही. यात विद्यापीठाने अपमान वाटून घ्यायला हवा होता. तसं काही झाल्याचं दिसलं नाही.

वळसा न घालता आत शिरलेला एक मालकही याच मातीत होऊन गेला. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. 1930 च्या मृत्युपत्रात त्यांनी नागपूर विद्यापीठाला 35 लाखांच्या वर रक्कम ठेवली आणि ती कशासाठी वापरायची हेही सांगितलं: उपयोजित विज्ञान आणि रसायन यांच्या शिक्षणासाठी. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. मॉरिस आणि हिस्लॉप ही एकोणिसाव्या शतकातली महाविद्यालयं वकील, मास्तर आणि कचेरीतले कारकून पुरवत होती, कारण सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक सरकार होतं. जमिनीतून खनिज काढणाऱ्या माणसाला या साखळीत काय कमी आहे ते दिसलं, आणि त्याने तक्रार न करता आयुष्याची कमाई त्या जागी ठेवली. 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेल, रंग, अन्न, कागद अशा उद्योगांना लागणारे रसायन तंत्रज्ञ तिथून निघाले आणि देशभर गेले. 2023 मध्ये ती संस्था नागपूर विद्यापीठातून बाहेर पडून स्वतंत्र विद्यापीठ झाली. शताब्दीच्या वर्षातच आपलं सर्वांत नावाजलेलं अंग विद्यापीठाने गमावलं. मालकांच्या मतांचा विषय निघाला की या घटनेचा विचार आपण का करत नाही, कळत नाही.

याहून जुना दाखला एम्प्रेस मिलचा. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात ही गिरणी सुरू केली आणि कारभार सोपवला बेझनजी मेहतांवर. बेझनजी रेल्वेत मालवाहतुकीचं काम पाहिलेले. कापड गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. तांत्रिक बाजूला जेम्स ब्रुक्सबी हा जाणकार होता. जमशेटजींनी मुख्य माणूस निवडताना पाहिला तो भरवसा आणि शिकण्याची तयारी. कापसाचं ज्ञान नंतर येईल असं धरलं आणि ते आलंही. 2011 च्या त्या अभ्यासात मालकांनी जे पहिल्या क्रमांकावर ठेवलं, तेच. एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली. आज तिथे मॉल आहे आणि आत बी.कॉम. झालेली मुलंमुली काउंटरवर उभी असतात.

अडचण अशी की सचोटी आणि भरवसा मुलाखतीच्या वीस मिनिटांत दिसत नाहीत. त्यासाठी मुलगा काही महिने हाताखाली राहावा लागतो. त्याची सोय कायद्यात 1961 पासून आहे. ॲप्रेंटिस कायद्याप्रमाणे तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनाने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 2019 च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरवलं. अनेक ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणजे स्वस्त कामगार, वर्ष झालं की दुसरा, असा अर्थ लावला गेला. 2024 मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोकांनी तिचं ‘लाडका भाऊ’ असं बारसं केलं. पदवीधराला महिना 10,000, तेही सरकारकडून. अशा योजनेत मुलगा शिकतो की हजेरी लावतो, हे ज्याच्याकडे तो बसतो त्याच्यावर अवलंबून असतं.

आता नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. 2024-25 पासून ते संलग्न महाविद्यालयांतही लागू झालं. त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला चार क्रेडिट आहेत, हिशेबाने 120 तास. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्यांना. काटोलच्या, उमरेडच्या, रामटेकच्या महाविद्यालयातल्या बी.ए.च्या मुलीने हे तास कुठे भरायचे, याचं उत्तर कागदावर सोपं आहे आणि गावात अवघड. त्यामुळे आत्ताच एक बाजार तयार होऊ लागला आहे: ओळखीच्या माणसाचं लेटरहेड, तारीख टाकलेलं प्रमाणपत्र, काम शून्य. हे असंच चालू राहिलं तर प्रयोगवहीची गोष्ट कारखान्याच्या नावाने पुन्हा होईल, आणि या वेळी सही मालकाची असेल.

म्हणून बोलायचं ते विद्यापीठाशी कमी आणि हिंगणा, बुटीबोरी, मिहान आणि इतवारीतल्या मंडळींशी जास्त. दरवर्षी दोन मुलं घ्या. जवळच्या महाविद्यालयातली घ्या, भाच्याच्या ओळखीची नकोत. त्यांना झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला ठेवू नका. न जुळणारं बिल द्या, रात्रीच्या पाळीचा अहवाल लिहायला द्या, माप घ्यायला लावा आणि चुकीचं निघालं तर पुन्हा घ्यायला लावा. जाण्या-येण्याचं भाडं आणि जेवण तरी खिशातून द्या. बुटीबोरी शहरापासून लांब आहे आणि मुलींना परतायला उशीर होतो. 120 तास भरले नसतील तर प्रमाणपत्रावर सही करू नका, सरांचा कितीही फोन आला तरी.